सुगीचे दिवस

आमच्या घराण्यात वडिलोपार्जित अशी एकच इस्टेट आहे, आणि ती म्हणजे शिंक. आजोबा ओसरीवर शिंकले की गोठ्यातली म्हैस दावे तोडू पाहत असे, आणि वडील शिंकले की प्रवासाला निघालेले चाळीतले शेजारी पिशव्या खाली ठेवून, घोटभर पाणी पिऊन मगच पुन्हा उंबरा ओलांडत. ही इस्टेट माझ्याकडे कोर्टकचेरी न होता आली, कारण धाकट्या भावाने तिच्यावर कधी हक्कच सांगितला नाही. ठाण्यात तिचा फारसा उपद्रव नसतो. रिक्षांच्या भोंग्यांत ती विरून जाते. पण अशी शिंक घेऊन जपानमधल्या एखाद्या नि:शब्द तीर्थक्षेत्री, तेही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जाऊ नये, हे मला कोणीही सांगितले नव्हते. योकोहामात नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने बाकी सर्व सांगितले होते: गाडीत फोनवर बोलायचे नाही, तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटयांच्या जमिनीवर, चपला घालून जायचे नाही, आणि "बाबा, चारचौघांत नाक शिंकरायचं नाही, ते असभ्य समजतात." ही शेवटची सूचना माझ्या बाबतीत किती जीवघेणी ठरणार आहे याची तिला कल्पना नव्हती.

आम्ही निघालो होतो कोयासानला. वाकायामा प्रांतातल्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले हे मठांचे गाव. ८१६ साली कुकाई नावाच्या भिक्षूला सम्राटाने हा डोंगर दिला, आणि तेव्हापासून तो शिंगोन या बौद्ध पंथाचे मुख्य स्थान आहे. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून निघालेली गाडी डोंगराच्या पायथ्याशी ज्या स्थानकावर थांबते त्याचे नाव गोकुराकुबाशी, म्हणजे सुखावतीचा पूल. डबा भरलेला होता, तरी सर्पदंश झाल्यासारखी सारी माणसे निपचित बसली होती. पहिली शिंक तिथेच आली. एकाही माणसाने मान वळवली नाही. आपल्याकडे लहान मूल शिंकले तर कोणीतरी "शतायुषी हो" म्हणते, बोलता बोलता कोणी शिंकले तर "बघा, सत्य आहे" म्हणते. नाहीतर निदान रागाने तरी पाहते. इथे सगळे इतक्या सौजन्याने खिडकीबाहेर पाहू लागले की मला शिक्षा झाल्यासारखे वाटले. पत्नी मात्र आपलीच असल्यामुळे तिने पाहिले. "अहो, रुमाल तरी धरा," ती कुजबुजली. त्यानंतरच्या केबल कारने आम्हाला पाच मिनिटांत डोंगरावर नेऊन ठेवले आणि तेवढ्या वेळात मी चौदा वेळा शिंकलो. आकडा पत्नीचा आहे.

मठात उतरल्यावर एका तरुण भिक्षूने आमच्या चपला फडताळात ठेवल्या, माझे लाल नाक पाहिले आणि समजुतीने मान डोलावली. मग अंगणापलीकडच्या गगनाला भिडलेल्या झाडांकडे बोट दाखवून तो एकच शब्द बोलला: "सुगी." आमच्या गावी सुगी म्हणजे खळ्यावर धान्याची रास पडण्याचे दिवस, तेव्हा आधी मला वाटले की हा पिकापाण्याची चौकशी करतो आहे. मग उलगडा झाला की सुगी हे त्या देवदारासारख्या दिसणाऱ्या झाडाचे नाव आहे आणि त्याचे पराग वाऱ्यावर उडण्याचे हेच दिवस आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर उघडे पडलेले डोंगर पुन्हा हिरवे करायचे आणि घरबांधणीला लाकूड मिळवायचे म्हणून जपानने ही झाडे अफाट संख्येने लावली. पुढे बाहेरचे लाकूड स्वस्त पडू लागल्याने ती तोडायचे राहून गेले, आणि आता ती मोठी होऊन दर वसंतात साऱ्या देशाच्या नाकात जातात. दर दहा जपानी माणसांतल्या जवळजवळ चौघांना हा त्रास होतो. कन्येला फोन केला तर ती म्हणाली, "अगबाई, हो की! मला नाही ना होत, म्हणून लक्षातच नाही आलं." नेमकी इथे माशी शिंकली होती.

संध्याकाळी साडेपाचलाच जेवण आले. कांदा नाही, लसूण नाही, मांस-मासळी नाही. आमच्या चातुर्मासाशी तंतोतंत जुळणारे ताट. त्यातले तिळाचे गोमादोफू इतके मऊ होते की चॉपस्टिकने धरताच ते निसटे, आणि एकदा तर ते माझ्या शिंकेनेच समोरच्या वाटीत स्थलांतरित झाले. खरी परीक्षा रात्री होती. त्या खोल्यांना भिंती नसतात, कागद लावलेली सरकती दारे असतात. शेजारचा पाहुणा पान उलटतो तेही ऐकू येते. मी दुलईत तोंड खुपसून, उशी दाबून, श्वास रोखून पडलो होतो, आणि कोंडलेली शिंक दुप्पट होऊन येते हा नियम रात्री अकराच्या सुमारास सिद्ध झाला. दार थरथरले. क्षणभर अख्ख्या मठात काही हलले नाही. मग कागदापलीकडून एक दबलेला, अत्यंत नम्र आवाज आला: "सुमिमासेन." शिंकलो मी होतो आणि क्षमा तो मागत होता. उत्तरादाखल मीही "सुमिमासेन" म्हणालो. त्यावर तो पुन्हा म्हणाला. हे किती वेळ चालले असते कोण जाणे, पण पत्नीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

पहाटे सहाला होम होता. त्याला तिथे गोमा म्हणतात आणि शब्द आपल्याच होमावरून गेला आहे. समिधा पडत होत्या, धूर वर चढत होता, आणि भिक्षू जो मंत्र म्हणत होते त्यातले "मानी हान्दोमा" ऐकून मला एकदम उमगले की हे "मणि पद्म" आहे. घरचे माणूस परक्या कपड्यांत भेटावे तसे झाले. गहिवर आणि धूर एकाच वेळी नाकाशी आल्यामुळे पुढचे अटळ होते. सुदैवाने कोपऱ्यात एक भला मोठा ढोल वाजत होता. मी युक्ती काढली: शिंक धरून ठेवायची आणि ढोलाच्या ठोक्याबरोबर सोडायची. पहिल्या आठ-दहा शिंका अशा सुरेख समेवर पडल्या की शेजारी बसलेल्या पत्नीलाही संशय आला नाही. तालमीच्या अभिमानाने मी एक मोठी शिंक शेवटच्या ठोक्यासाठी राखून ठेवली. तो शेवटचा ठोका आधीच होऊन गेला होता, हे मला शिंकल्यावर कळले.

न्याहारीनंतर आम्ही ओकुनोइन या तिथल्या जुन्या दफनभूमीच्या वाटेला लागलो. दोन किलोमीटरची ही वाट शतकांपूर्वीच्या सुगींच्या राईतून जाते आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या व स्मारके आहेत. ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे जन्मभर एकमेकांशी लढलेले सरदार तिथे वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. भाऊबंदकीत कुंपणाच्या दगडावरून अबोला धरणाऱ्या आमच्या नातलगांना एकदा तिथे नेले पाहिजे. एके ठिकाणी तर वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांनी वाळवीसाठी उभारलेले स्मारक आहे. पाच दगडांच्या जुन्या स्तूपांवर सिद्धम लिपीतली ख, ह, र, व, अ ही बीजाक्षरे कोरलेली दिसतात, आणि ती लिपी आपल्या देवनागरीची चुलत बहीण असल्यामुळे मी प्रत्येक दगडापाशी थांबत, वाचत आणि शिंकत होतो.

वाटेत एक छोटी विहीर लागते. तिच्यात डोकावल्यावर प्रतिबिंब दिसले नाही तर माणूस तीन वर्षांत मरतो, असे म्हणतात. माझे डोळे इतके भरून आले होते की मी दिसलो, पण ओळखू आलो नाही. याची मुदत किती, हे फलकावर लिहिलेले नव्हते. जवळच्याच पायऱ्यांवर घसरून पडणाऱ्यालाही तीनच वर्षे मिळतात, असे कळल्यावर पत्नीने माझी कॉलर मागून घट्ट धरली, कारण प्रत्येक शिंकेला माझा एक पाय उचलला जात होता.

साडेदहाला आम्ही शेवटच्या पुलापाशी उभे होतो. पलीकडे कुकाईंची समाधी आहे. ८३५ सालापासून ते तिथे ध्यानस्थ बसले आहेत अशी श्रद्धा असल्यामुळे त्यांना रोज दोनदा जेवण नेतात. पुढे एक भिक्षू आणि मागे पांढऱ्या लाकडी पेटीतून नैवेद्य उचलून नेणारे दोघे, असे तिघे आमच्या समोरून गेले. खडीवरच्या पावलांखेरीज आवाज नव्हता. मी वरच्या ओठावर बोट दाबून, डोळ्यांतून धारा लावून, घराण्यातल्या कोणालाही न साधलेली गोष्ट साधली: ते पूल ओलांडून दिसेनासे होईपर्यंत शिंकलो नाही. जमलेल्यांपैकी काहींनी माझे अश्रू पाहून हात जोडल्याचे मला वाटले.

तेवढ्यात शेजारच्या वृद्ध बाई शिंकल्या. मास्कच्या आत, मांजराच्या पिल्लासारखी एक बारीक शिंक. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पिशवीतून कागदी रुमालांचे पाकीट काढून दोन्ही हातांनी मला दिले आणि म्हणाल्या, "काफुनशो." परागांच्या आजाराचे हे नाव मला कालपासून पाठ झाले होते. मी वर बोट दाखवून म्हणालो, "सुगी." त्यांनी वर पाहिले, झाडाला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि मग आधी त्या आणि पाठोपाठ मी, असे दोघेही शिंकलो. माझ्या शिंकेसरशी फांद्यांवरून कावळे उठले. पत्नी दहा पावले दूर जाऊन एका सरदाराची समाधी फार लक्षपूर्वक वाचू लागली होती. तिला जपानी येत नाही.