निंबोळी अर्काने डावणी जात नाही

‘निंबोळी अर्क मारला की द्राक्षावरची डावणी समूळ जाते, बुरशीनाशक लागतच नाही’ असा मेसेज निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. डावणी (डाउनी मिल्ड्यू) हा द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग. ती पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आत शिरते आणि पेशींच्या मधून वाढते. पानाखाली पांढरी बुरशी दिसते तोवर ती आत पसरलेली असते. वरून मारलेला अर्क तिथवर पोचत नाही. शिवाय ५ टक्के अर्कातलं (१०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी) अ‍ॅझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य जास्त करून किडींवर चालतं, उन्हात लवकर निकामी होतं. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाची गोष्ट वेगळी. ती पानाच्या पृष्ठभागावरच वाढते, म्हणून सुरुवातीला अर्काचा थोडाफार उपयोग होतो. पण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, तर कृपा करून डावणीसाठी अर्काच्या भरवशावर थांबू नका. कोवळे घड हातचे जातात.