स्कॉलरशिप मुलांच्या हातात का द्यायची : एका वाचकाला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावर आपण म्हापशाहून सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आपलं म्हणणं थोडक्यात असं : स्कॉलरशिप अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या खात्यात जमा झाली की आठ दिवसांत उडते, हातात नवा मोबाइल दिसतो. म्हणून सरकारने ती सरळ कॉलेजला द्यावी, नाहीतर वडिलांच्या खात्यात टाकावी. शेवटी आपण लिहिलंय की आपल्या मंडळाने यंदा गरजू विद्यार्थ्यांसाठी काही रक्कम बाजूला काढली आहे आणि तिचे चेक कॉलेजच्या नावाने काढायचं घाटतंय. हे वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणं मला पटलं नाही.

पैसे आठ दिवसांत संपतात, हे खरं आहे. कॉलेजात स्कॉलरशिपचे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे मीही ते पाहतो. पण ते कुठे जातात हे विचारल्याशिवाय उधळपट्टीचा शिक्का मारता येत नाही. वाळपईच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्या एका मुलीने मला पासबुक दाखवलं होतं. केंद्र सरकारची स्कॉलरशिप, बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असून घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असलेल्यांना मिळते ती. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. एका ओळीत १२,००० जमा, खालच्याच ओळीत जवळजवळ सगळे काढलेले. बाहेरून बघणारा म्हणेल, घ्या, उडवले. तिने हिशेब सांगितला. प्रवेशाच्या वेळी मावशीकडून घेतलेले, झेरॉक्सवाल्याकडची उधारी, प्रॅक्टिकलचं सामान, परीक्षा फीसाठी मैत्रिणीने भरलेले. पैसे आले त्या दिवशी ते आधीच खर्च होऊन गेलेले होते.

मुद्दा हा आहे, आणि माझ्या मते हा एकच मुद्दा आहे : पैसे उशिरा येतात. प्रवेश जूनमध्ये, पहिली फी जूनमध्ये, कदंब बसचा पास, पुस्तकं, सगळं पावसाळ्याच्या तोंडावर. मग सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल उघडतं. मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणायचा, बोनाफाईड घ्यायचं, फॉर्म भरायचा. आधी कॉलेजची पडताळणी, मग वरची. दाखल्यावरच्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला की फॉर्म ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत. चतुर्थी जाते, दिवाळी जाते. पैसे बऱ्याचदा वार्षिक परीक्षा जवळ आल्यावर येतात, काहींचे पुढच्या वर्गात गेल्यावर.

मधले महिने मूल काय करतं? दुकानात काम धरतं, केटरिंगला जातं. आणि याच स्कॉलरशिपच्या रिन्यूअलला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे पैसे वेळेवर न आल्यामुळे कामाला गेलेल्या मुलाची हजेरी कमी पडते आणि पुढच्या वर्षीचे पैसेच थांबतात. हे बघताना मला खरोखर त्रास होतो. अशी मुलं आळशी नसतात हो, वर्गातली सगळ्यात धडपडी मुलं असतात.

आता कॉलेजला थेट द्यायचं म्हणता, तर पैशावर संस्थेचा ताबा असला की काय होतं ते देशाने पाहिलं आहे. हिमाचल प्रदेशात अडीचशे कोटींच्या घरातला स्कॉलरशिप घोटाळा सीबीआयकडे गेला. तिथे मुलांच्या नावाने खाती उघडली गेली आणि मुलांना पत्ताही नव्हता. २०२३ साली अल्पसंख्याकांच्या स्कॉलरशिपची तपासणी झाली तेव्हा १,५७२ पैकी ८३० संस्था बोगस किंवा बंद निघाल्या. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं सरळ आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. तरीही ज्याचा पैसा त्याच्याच मोबाइलवर मेसेज आला पाहिजे. शिवाय फी हा खर्चाचा एक भाग झाला. सांग्याहून किंवा काणकोणहून मडगावला येणाऱ्याचं बसभाडं आणि दुपारचं जेवण कॉलेजच्या चेकमधून निघत नाही.

वडिलांच्या खात्याबद्दल मी सावधपणे लिहितो, कारण बहुतेक वडील मुलांसाठीच राबतात. पण घरात अडचण असते तेव्हा त्या खात्यात आलेला पैसा अडचणीकडे जातो. खास करून मुलींचा.

मुलांना हिशेब शिकवायला हवा, हे आपलं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. त्याची सुरुवात खात्यापासूनच होते. आधारवर आधारलेलं पेमेंट फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधार शेवटी ज्या खात्याशी जोडलं, म्हणजे सीडिंग केलं, तिथे जातं. “सर, पयशे खंय गेले?” म्हणून रडवेली मुलं येतात, आणि शाळेत असताना उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात रक्कम पडून असते. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या खात्याची केवायसी झालेली नसते, त्यामुळे काढता येत नाही. केवायसीविना उघडलेलं ‘छोटं’ खातं असेल तर महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. आधारच्या वेबसाइटवर सीडिंग कुठे आहे ते दोन मिनिटांत दिसतं. फॉर्म भरण्याआधी ते बघा, हे मी प्रत्येक वर्गात सांगतो.

दुसरं सांगतो ते असं की स्कॉलरशिपच्या खात्याला यूपीआय जोडू नका. पैसे आले की उधारी फेडा, पुढच्या सहामाहीची परीक्षा फी बाजूला ठेवा, उरलेले महिन्यामहिन्याने काढा. आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेतलं असेल तर ते कर्ज आहे, फेडायचं आहे, हे वहीत वेगळ्या पानावर लिहा. व्याज नाही म्हणून मुलं त्याला स्कॉलरशिपच समजतात.

मोबाइलबद्दल एवढंच, की फॉर्मचा ओटीपी, कॉलेजच्या नोट्स, परीक्षेचं वेळापत्रक सगळं त्यावरच येतं. पडदा फुटलेला फोन बदलणाऱ्या मुलाला मी नावं ठेवणार नाही. महागड्या फोनचे हप्ते बांधून घेणारेही आहेत. त्यांना समोर बसवून बोलावं लागतं, आणि मी बोलतो.

आता आपल्या मंडळाचं. माझी कळकळीची विनंती आहे : रक्कम मुलांच्याच खात्यात द्या, पण जूनमध्ये द्या. देणगी म्हणून देण्याऐवजी बिनव्याजी उचल म्हणून दिलीत तर आणखी बरं. स्कॉलरशिप जमा झाली की मूल ती परत करील आणि तीच रक्कम पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याला जाईल. ज्यांचा फॉर्म नामंजूर होईल त्यांना माफ करायची तयारी मात्र आधीच ठेवा. पहिल्या वर्षी चार-पाच मुलं निवडलीत तरी चालेल. त्यांचे दाखले आणि सीडिंग तपासायला मी एखाद्या रविवारी म्हापशाला येईन; ब्लॉगवरच्या ईमेलवर दिवस कळवा.