झोप लागली ना छान?

दोन रात्री गावाकडे जाऊन राहायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करतो. नाहीतर बायको करवून घेईल. हॉटेल नको, हेही मीच म्हणालो होतो. कुणाच्या तरी घरातली माडीवरची खोली, सकाळी घरचा नाश्ता आणि रात्री काळ्याभोर आकाशात खच्चून भरलेले तारे, एवढीच माझी अपेक्षा. जाहिरातीत ‘अगदी घरच्यासारखं वाटेल’ असं लिहिलं होतं. ती धमकी आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

हॉटेलात कसं, पैसे मोजले की कुरकुर करायचा हक्क मिळतो. नातेवाइकांकडे कुरकुर करता येत नाही, पण तिथे बिल तरी नसतं. इथे पैसेही मोजायचे आणि वर भीडही बाळगायची. गरम पाण्याचा नळ उलटा फिरवायचा, हे घरमालकीणकाकूंनी तीनदा समजावलं होतं. तो सुलटाही फिरेना आणि उलटाही. मी गार पाण्याने आंघोळ केली आणि कुडकुडत खाली येऊन म्हणालो, “पाणी मस्त तापलं होतं हं!”

ताऱ्यांसाठी मात्र मी तयारीनिशी गेलो होतो. डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच झगझगीत उजेड पडला की सगळं पहिल्यापासून. म्हणून फोन खोलीत ठेवला, दिवे मालवले आणि अंगणात खुर्ची टाकून बसलो. बराच वेळ गेला. आकाशगंगेचा फिकट पट्टा जरा कुठे उमटायला लागला होता, तेवढ्यात डोक्यावरचा दिवा लागला.

“काय हो, झोप येत नाही? पोट बिघडलं का?” दारात काकू.

“नाही, नाही. तारे बघतोय.”

“अगंबाई, मग असे अंधारात काय बसलात!”

आणि माझी गैरसोय होऊ नये म्हणून त्यांनी तो दिवा रात्रभर चालू ठेवला.

दुसऱ्या रात्री मी गोठ्यामागे जाऊन बसलो. तिथे काका चोर समजून बॅटरी घेऊन आले. मी चोर नाही हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. बॅटरी माझ्या तोंडावर तशीच धरून त्यांनी दहा मिनिटं माझी विचारपूस केली.

झोपेचं म्हणाल, तर रातकिडे एक वेळ सोसता येतात. त्यांची किरकिर एकसुरी असते, तिची गुंगी चढते. कोंबड्याचं तसं नाही. तो पावणेचारला एकदा ओरडतो आणि मग थांबतो. पुढची आरोळी केव्हा येईल याची वाट बघत आपण ताठ पडून राहतो. कोंबडा उजेड बघून आरवतो हा माझा समज होता. पण जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलंय, की घड्याळ त्याच्या आतच असतं. सतत मंद उजेडात कोंडून ठेवलं तरी तो वेळ पाळतो, आणि उजाडायच्या साधारण दोन तास आधीच सुरुवात करतो. म्हणजे आमचा कोंबडा अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागत होता.

कायदाही त्याच्याच बाजूचा. फ्रान्समधल्या ओलेरों बेटावर मॉरिस नावाचा कोंबडा होता. त्याच्या आरवण्यावरून सुट्टीपुरतं तिथे येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या मालकिणीला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये मॉरिस जिंकला. नंतर २०२१ साली तर गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा मानून त्यांना संरक्षण देणारा कायदाच तिथे झाला. आता मी गार पाण्याने कुडकुडणारा माणूस, माझी काय टाप!

सकाळी नाश्त्याला काकू समोरच बसल्या. “झोप लागली ना छान?”

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. “एकदम गाढ,” मी म्हणालो.

“बरं झालं बाई. मला वाटलं, कोंबड्याचा त्रास झाला असेल.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. “कोंबडा आहे का तुमच्याकडे?”

“आहे म्हणजे काय, थांबा!” काकू उठल्या आणि त्याला काखोटीला मारून घेऊनच आल्या. लालभडक तुरा एका बाजूला कललेला, मान ताठ. त्याने आधी एका डोळ्याने मला न्याहाळलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने. मी खोटं बोलतोय हे त्या घरात फक्त त्याला कळलं होतं. तो आरवला. त्या अंतरावरून.

“तुम्ही आवडलात हो त्याला,” काकू म्हणाल्या.

निघताना काका-काकू फाटकापर्यंत आले. पुढच्या वेळी चांगले आठ दिवस या म्हणाले, आणि मी “नक्की” म्हणालो. गाडी मुख्य रस्त्याला लागते न लागते तोच फोन वाजला. मुक्काम कसा वाटला, किती तारे द्याल, अशी विचारणा होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी पाच दिले.

सगळ्या सहलीत धड दिसलेले तारे तेवढेच.