२०० मेगापिक्सेल म्हणजे आठपट चांगला फोटो नव्हे

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय, कधी रील म्हणून, कधी व्हॉट्सॲपवरचा लांबलचक मेसेज म्हणून. सार एकच. पंचवीस-तीस हजारांत २०० मेगापिक्सेलचा फोन मिळत असताना २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर लाखभर घालवणं हा वेडेपणा आहे आणि त्या कॅमेऱ्याच्या जोरावर लग्नाचं भलंमोठं पॅकेज सांगणारे फोटोग्राफर लोकांना लुटतात. जोडीला फोनने काढलेला चंद्र असतो, लांबच्या पाटीवरचं अक्षर मोठं करून दाखवणारा व्हिडिओ असतो, आणि शेवटी ‘कंपन्यांनीच डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे) बंद केले’ हा हुकमाचा एक्का.

याला उत्तर द्यायला हवं, कारण लोक यावर विसंबून पैसे खर्च करतात. फोटोग्राफी शिकायची म्हणून मुलं घरी हट्ट धरतात आणि केवळ आकडा बघून फोन घेतात. तालुक्याच्या गावात कर्ज काढून कॅमेरा घेतलेल्या पोराला यजमान तोंडावर सुनावतात, ‘तुझ्या कॅमेऱ्यापेक्षा आमच्या फोनचे मेगापिक्सेल जास्त आहेत.’ हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय, आणि त्या पोराचा उतरलेला चेहराही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पहिला दावा: २०० हा आकडा २४ च्या आठपट, म्हणून फोटोही आठपट चांगला.

मेगापिक्सेल एवढंच सांगतात की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडलेल्या प्रकाशाचे किती तुकडे केले. प्रकाश किती गोळा झाला हे ते सांगत नाहीत. एका भाकरीचे चार तुकडे करा नाहीतर सोळा, भाकरी तेवढीच राहते.

आता मापं बघा. सॅमसंगने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणलेल्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्रात आयसोसेल एचपी२ हा २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. त्याचा आकार १/१.३ इंच असा लिहितात, आणि इथेच पहिली गफलत होते. इंचाची ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांपासून चालत आली आहे, तिचा खऱ्या इंचाशी मेळ बसत नाही. ‘एक इंची’ म्हणून मिरवला जाणारा सेन्सरही प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचाच असतो. एचपी२ त्याहून लहान, साधारण ९.८ बाय ७.३ मिलिमीटर. क्षेत्रफळ ७२ चौरस मिलिमीटरच्या आसपास. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. बारापट. पिक्सेलच्या पातळीवर उतरलं तर फोनच्या एका पिक्सेलची बाजू ०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ती ६ मायक्रॉन. बाजू दहापट, क्षेत्रफळ शंभरपट.

आणि इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.५५ मायक्रॉन असते, म्हणजे फोनचा पिक्सेल जवळपास प्रकाशाच्या एका लहरीएवढाच उरला. कितीही निर्दोष लेन्स घेतली तरी ती प्रकाशाचा बिंदू बिंदूएवढा पाडू शकत नाही, त्याचा छोटा गोल ठिपका पडतो. एफ/१.७ च्या लेन्सला (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी) हा ठिपका सुमारे २.३ मायक्रॉनचा येतो. फोनच्या सेन्सरवर तो एका ओळीत जवळपास चार पिक्सेल व्यापतो. म्हणजे जो तपशील लेन्सलाच वेगळा करता आला नाही, त्याचे सेन्सर आणखी तुकडे करतोय. लेन्स मात्र निर्दोष नसतेच, तेव्हा प्रत्यक्षात गणित याहून वाईटच.

हे कंपन्यांना ठाऊक नाही असं नाही. म्हणूनच हे फोन मूळ सेटिंगवर २०० मेगापिक्सेलचा फोटो काढतच नाहीत. सोळा पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक बनवतात आणि १२.५ मेगापिक्सेलचा फोटो हातात देतात. कल्पना नवीनही नाही. नोकियाने २०१२ मध्ये ८०८ प्युअरव्ह्यू आणला तेव्हा त्यात ४१ मेगापिक्सेल होते, पण फोटो मुळात ५ मेगापिक्सेलचा घ्यावा अशीच रचना होती. ॲपलने २०१५ च्या आयफोन ६एस पासून पुढची सात वर्षं मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला, आणि त्या काळात आयफोनचे फोटो दरवर्षी सुधारत गेले. सोनीचा अंधारात व्हिडिओ करण्यासाठी नावाजलेला ए७एस ३ हा २०२० चा कॅमेरासुद्धा १२ मेगापिक्सेलचाच. आकडा हाच निकष असता तर या कॅमेऱ्याला कुणी हात लावला नसता.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही कबूल केली पाहिजे. डीएसएलआरबरोबर खोक्यात येणारी १८-५५ ची किट लेन्स झूम करून एफ/५.६ वर लावा आणि अंधाऱ्या खोलीत फोनशेजारी उभे राहा, फोन सरस ठरू शकतो. सेन्सर लहान असला तरी त्याची एफ/१.७ ची लेन्स इतकी उघडी आहे की सगळा हिशेब केला तर किट लेन्सवाल्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यापेक्षा फोन जवळपास दुप्पट प्रकाश गोळा करतो. त्याच कॅमेऱ्याला ५० मिमीची एफ/१.८ लेन्स लावली की पारडं फिरतं, कॅमेरा फोनच्या चौपटीहून पुढे जातो. ‘लाखाचा कॅमेरा घेऊन फोटो फोनपेक्षा वाईट आला’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं हे आहे. दोष लेन्सचा असतो आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात.

दुसरा दावा: २०० मेगापिक्सेलचा फोटो मोठा करून बघा, लांबच्या दुकानाच्या पाटीवरचं अक्षर वाचता येतं.

भर उन्हात, हात स्थिर असताना, न हलणाऱ्या पाटीचं अक्षर थोडं अधिक स्वच्छ येतं, हे खरं आहे. व्हिडिओत नेमकी तीच परिस्थिती निवडलेली असते. पण रंगाचं काय होतं ते कुणी दाखवत नाही. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात शेजारशेजारचे पिक्सेल वेगवेगळ्या रंगांचे असतात. या २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर चार बाय चार असे सोळा पिक्सेल एकाच रंगाच्या पडद्याखाली असतात. म्हणजे रंगाच्या बाबतीत हा सेन्सर मुळातच १२.५ मेगापिक्सेलचा आहे. पूर्ण २०० चा फोटो मागितला की मधले रंग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. पैठणीच्या काठावरची बारीक जर किंवा अबोलीचा गजरा अशा ठिकाणी हा अंदाज चुकताना दिसतो. जरीच्या धाग्यांचा एकसंध चट्टा होतो, फुलांच्या पाकळ्या रंगवल्यासारख्या दिसतात.

तिसरा, चंद्राचा फोटो. याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, कारण तो २०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेलाच नसतो. एस२३ अल्ट्राचा लांबचं टिपणारा दहापट झूमचा कॅमेरा वेगळा आहे आणि तो १० मेगापिक्सेलचा आहे. शिवाय मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचं चित्र मुद्दाम लहान आणि धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या फोनने टिपलं. मूळ चित्रात नसलेले खड्डे फोटोत उमटले. त्यानंतर सॅमसंगने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे तपशील वाढवतो. चंद्र पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो, म्हणून त्याच्या बाबतीत हे जमतं. तुमच्या लेकीच्या स्नेहसंमेलनातल्या नाचाच्या बाबतीत जमणार नाही.

चौथा दावा, ‘इतके मेगापिक्सेल असल्यावर झूम लेन्स कशाला, नंतर कापून घेता येतं.’ याचं गणित भिगवणला करून पाहू. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, सकाळी नावेतून त्यांचे फोटो घ्यायला महाराष्ट्रभरातून लोक येतात. नाव एका मर्यादेपलीकडे जवळ न्यायची नसते, थवा उडतो. तिथे ४०० ते ६०० मिमीची लेन्स लागते (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिमीचा. ६०० मिमीच्या चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच फोनच्या फोटोतून कापायचं तर रुंदीत पंचवीसपट आणि उंचीत पंचवीसपट कापावं लागतं. २०० मेगापिक्सेल म्हणजे २० कोटी पिक्सेल, त्यांना ६२५ ने भागा. उरतात ३ लाख २० हजार. वीस वर्षांपूर्वीच्या फोनमध्ये जो व्हीजीए कॅमेरा असायचा तो ३ लाख ७ हजारांचा होता. आणि हे लेन्सचा धूसरपणा न धरता.

मध्यम अंतरावर मात्र जास्त मेगापिक्सेलचा खरा उपयोग होतो. दुपटीचं झूम सेन्सरच्या मधल्या भागातून चांगलं मिळतं, आयफोन १४ प्रोमध्ये ४८ मेगापिक्सेल आल्यावर ॲपलनेही तेच केलं. आणि अलीकडे विवो एक्स२०० प्रोसारख्या फोनमध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर टेलिफोटो, म्हणजे लांबचं टिपणाऱ्या, लेन्समागे बसवलाय, तिथे तो अधिक कामी येतो. तो फोन पंचवीस-तीस हजारांत मात्र मिळत नाही.

‘मोठ्या प्रिंटला जास्त मेगापिक्सेल लागतात’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. ए४ आकाराचा उत्तम प्रिंट ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) काढायला ८.७ मेगापिक्सेल पुरतात, ४के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सेलमध्ये भरतो. चौकातल्या फ्लेक्सला तर त्याहूनही कमी चालतात, कारण तो नाक लावून कुणी बघत नाही.

आता तो हुकमाचा एक्का: कंपन्यांनीच डीएसएलआर बंद केले, म्हणजे फोन जिंकला.

यात एक खरी घटना आहे आणि तिच्यावर चुकीचा निष्कर्ष चढवलाय. जपानच्या सिपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ मध्ये ती संख्या ७७ लाखांवर आली. घसरण भयंकर आहे, पण त्या १२ कोटींमधले बहुतेक खिशात मावणारे, लेन्स न बदलणारे छोटे कॅमेरे होते. त्यांची जागा फोनने घेतली, निर्विवाद घेतली. डीएसएलआरचं तसं झालं नाही. त्याची जागा मिररलेस कॅमेऱ्याने घेतली, ज्यात आरसा काढून टाकलाय पण सेन्सर तेवढाच मोठा आहे आणि लेन्सही बदलता येते. कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगितलं की १डीएक्स मार्क ३ हा त्यांचा शेवटचा अव्वल डीएसएलआर असेल, पण कॅननने मोर्चा वळवला तो मिररलेसकडे. निकॉनने त्याच वर्षी झेड९ आणला तो मिररलेसच. २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची एकूण संख्या पुन्हा वाढून ८५ लाखांच्या आसपास गेली, आणि लेन्स बदलता येणाऱ्यांत मिररलेस डीएसएलआरच्या कित्येक पट पुढे आहेत.

उरला शेवटचा आरोप, फोटोग्राफर लुटतात. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

लग्नातला एकच क्षण घ्या. मंगलाष्टकं संपत आली आहेत, अंतरपाट दूर होतोय, हॉलमध्ये पिवळा-निळा मिश्र प्रकाश आहे, मागे व्हिडिओवाल्याचा दिवा थेट डोळ्यांवर. अक्षता हवेत आहेत. फोन अशा प्रकाशात एका पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. स्थिर गोष्टींसाठी ही पद्धत अप्रतिम आहे, गूगलने पिक्सेल फोनमध्ये रात्रीचे जे फोटो शक्य करून दाखवले ते याच जोरावर. पण हवेतला तांदळाचा दाणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो. शटर मंद असेल तर त्याची रेघ होते, आणि एकाच फ्रेममध्ये दिसला म्हणून सॉफ्टवेअर त्याला पुसूनही टाकू शकतं. नवरीने मान वर केली की हललेली मुंडावळ्यांची सर अर्धी विरघळलेली येते. फोटोग्राफर तिथे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स लावतो, शटर १/२५० सेकंदावर नेतो, फ्लॅश छताकडे वळवून प्रकाश मऊ करतो आणि एका फ्रेममध्ये दाणे हवेत थांबवतो. फोनचा एलईडी हे करू शकत नाही. त्यात तेवढी ताकदही नाही आणि तो वळवताही येत नाही.

शिवाय दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणं, बॅटऱ्यांचा आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा संच जवळ ठेवणं, कुठली आत्या कुठल्या मामांशेजारी उभी राहणार नाही हे पाहून ग्रुप फोटो लावणं, आणि नंतर हजारो फोटो निवडून रंग सारखे करत बसणं, हे सगळं त्या पैशांत असतं. एखाद्याने अव्वाच्या सव्वा दर सांगितला तर घासाघीस करा, दुसरीकडे विचारा. पण तुमच्या फोनवरचा आकडा त्याच्या कामाचं मोल ठरवत नाही.

फोन घ्यायला दुकानात जाल तेव्हा २०० हा आकडा बाजूला ठेवा. सेन्सरचा आकार विचारा. १/१.३ हा १/२ पेक्षा मोठा असतो, खालचा आकडा जितका लहान तितकं चांगलं. टेलिफोटो लेन्स वेगळी आहे का ते विचारा. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळचं टिपणारा) कॅमेरा जास्तीची लेन्स म्हणून दाखवला तर तो मोजू नका. मग दुकानाच्या आतल्या बाजूला, दारापासून लांब जा आणि सोबत आलेल्या लहान मुलाला हात हलवायला सांगून मूळ सेटिंगवर फोटो काढा. तो पडद्यावर मोठा करून बोटं बघा. बोटं वेगवेगळी दिसत असतील तर फोन घ्या.