‘मांजर आपलं आपण बरं होतं’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

मांजर पाळणाऱ्यांमध्ये हातोहात फिरणारा एक मेसेज आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: मांजर स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतं. घुरघुरत असेल तर त्याला काही दुखत नाही. नाक कोरडं आणि गरम लागलं तर ताप समजा, पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या. खात नसेल तर पोट साफ होतंय. बोका कुंथत बसला तर बद्धकोष्ठ, दूध पाजा. काहीही झालं तरी तीन दिवस वाट पाहा.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही वाक्यं जीव घेणारी आहेत.

नाकाचं आधी उरकतो. उन्हात किंवा उबेत झोपून उठलेल्या मांजराचं नाक कोरडंच असतं. ताप थर्मामीटरनेच कळतो, तोही गुदद्वारातून मोजला तर. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो आकडा त्याच्यासाठी ठीक असतो.

घुरघुरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. खुशीत असलेलं मांजर घुरघुरतं, तसंच जखमी, घाबरलेलं, मरणाच्या दारातलं मांजरही घुरघुरतं. त्यामुळे केवळ आवाजावर जाऊ नका. मांजर दुखणं लपवतं. ते उडी मारायचं टाळतंय का, कोपऱ्यात पोट आवळून बसतंय का, अंग चाटून साफ ठेवणं सोडलंय का, हे बघा. निवांत बसलेलं असताना तोंड उघडून धापा टाकत असेल तर तसंच उचलून डॉक्टरकडे न्या.

आता ती पाव गोळी. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकायची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराकडे फारच तोकडी असते. औषधाचे विषारी अंश साठतात आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. हिरड्या निळसर किंवा तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. 4 किलोच्या मांजराला 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडाही बाधू शकतो. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका. उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा.

उपास पोट साफ करतो, हे माणसांचं तत्त्वज्ञान मांजरावर लादलेलं आहे. काही दिवस अन्न पोटात गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृतच बंद पडू लागतं. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. मोठं मांजर 24 तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करावा. पिल्लाच्या बाबतीत तेवढंही थांबू नये.

मला सर्वांत जास्त राग येतो तो कुंथणाऱ्या बोक्याबद्दलच्या सल्ल्याचा. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत गोळा त्यात अडकला की लघवी तुंबते. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा चाटत राहतो; पण बाहेर येतात दोन थेंब, नाहीतर तेही नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, शी होत नाहीये. आत मूत्राशय टम्म फुगतं, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयाची लय बिघडते. इथे वाट पाहायला तीन दिवस नसतातच. बोका त्याआधीच दगावू शकतो. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्नही करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

म्हणून बोका ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसला की वाळू ओली झाली का, ते आधी बघा. कोरडी असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी डॉक्टर गाठा.