मामा, तो मेसेज डिलीट करा

"म्हातारपणी लघवी सुटते ती आळसानं. मूत्राशय म्हणजे नुसता फुगा, मेंदूचा काही संबंध नाही. चारनंतर पाणी बंद, रोज चार तास दाबून धरा, महिन्यात डायपर सुटेल." कोथरूडभर फिरून हा मेसेज मामांनी बाबांना पाठवला, वर "भाऊजी, करून बघा." बाबांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. चार दिवस उशाशी ठेवलेलं तांब्या-भांडं सकाळी भरलेलंच. विचारलं तर, "तहानच नाही गं." ओठांना पापुद्रे आलेले.

आधी आळसाचं बघू. मूत्राशय भरत आल्याची खबर पाठीच्या कण्यातून वर जाते. 'आता सोड' हा हुकूम निघतो मेंदूच्या देठातून. ती जागा बॅरिंग्टन या संशोधकानं १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवली. 'थांब, अजून संडास गाठायचाय' म्हणणारा असतो कपाळामागचा मेंदू. तोच दुखावला तर थांबवणार कोण? १९६४ साली 'ब्रेन' या नियतकालिकात अँड्र्यू आणि नेथन यांनी त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलंय. लघवी होण्याची क्रिया व्यवस्थित होती, वेळ मात्र हातात नव्हती. आणि ही माणसं बेफिकीर नव्हती, शरमेनं अर्धमेली झाली होती. मागच्या महिन्यात बाबांनी ओला पायजमा एका हातानं, कसाबसा, बादलीत बुडवला आणि वर टॉवेल टाकून ठेवला, मला दिसू नये म्हणून. याला आळस म्हणता?

फुग्याचं उत्तर यातच आलं.

पाण्याचं म्हणाल तर झोपायच्या आधी दोनेक तास चहा-पाणी कमी केलं की रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. बरं, एवढं मान्य. पण चारपासून निर्जळी? लघवी गडद होऊन मूत्राशयाला आणखी टोचते, वर बद्धकोष्ठ, आणि जंतुसंसर्गाला आयतं आमंत्रण.

दाबून धरण्यातही पाव हिस्सा खरा आहे. तसा सराव असतो, पण डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी मिनिटं वाढवत. झटक्यानंतर काहींची लघवी उलट तुंबते. त्यांना हा सल्ला देणं म्हणजे खेळ आहे का?

आम्ही बाबांना दर दोन तासांनी, लागो न लागो, नेतो. मामांना फोन केला तर म्हणे, "अगं, मी फक्त पुढे पाठवला." रविवारी येणार आहेत. दुपारच्या दोन्ही फेऱ्या त्यांच्याकडे.