‘बोर्डाचाच नियम आहे’ : अकरावीच्या खिडकीवरचं जुनं वाक्य

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवरून आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा पाण्याच्या टँकरचा ग्रुप. मथळा ‘अकरावीला प्रवेश घेणाऱ्यांनी जरूर वाचा’, आणि खाली उपदेश असा: सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो हेच चार विषय, बोर्डाचा तसा नियमच आहे. आर्ट्सला गेलात की गणित संपलं. चारही विषय घेतले की सगळे दरवाजे उघडे राहतात. मराठी घेऊन टक्के घालवू नका, आयटी घ्या. एकदा विषय पडला की जन्मभर बदलत नाही. आणि शेवटी दोन हात जोडलेले: ‘कॉलेज विषय मर्यादित ठेवतं ते तुमच्या मुलांच्या भल्यासाठीच. विश्वास ठेवा.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. म्हणजे या भांडणात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. सायन्सच्या मुलांनी भूगोल घेतला तर माझा वर्ग भरतो. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

‘सायन्सला हेच चार विषय, बोर्डाचा नियम आहे’

नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या योजनेत इंग्रजी सक्तीची. त्याबरोबर एक दुसरी भाषा, किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान (आयटी). आणि चार वैकल्पिक विषय. सायन्सच्या मुलाला या चारांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र घेता येतं, तसाच भूगोलही घेता येतो. भूशास्त्रही यादीत आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत बायो सोडून भूगोल घेणारी पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मुलं वर्षानुवर्षं आहेत, त्यात नवल काही नाही. शिवाय द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रम आहेत: इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, काही ठिकाणी मत्स्यशास्त्र, पीकशास्त्र. यांचे दोनशे गुण, आणि ते दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय अशा दोघांची जागा घेतात.

मग ‘नियम’ येतो कुठून? विषय शिकवायचा तर कॉलेजला त्याची विषय मान्यता लागते, शिकवणारा माणूस लागतो आणि वेळापत्रकात तास लागतो. या तिन्हीपैकी एक नसलं की तो विषय त्या कॉलेजात नसतो. हे कारण प्रामाणिक आहे. पण खिडकीवर बसलेला माणूस ‘आमच्याकडे तास बसत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘बोर्डाचाच नियम आहे.’ का? कारण पहिल्या वाक्यावर पालक वाद घालतो, दुसऱ्यावर घालत नाही.

गंमत म्हणजे मूल ऑनलाइन प्रवेशात कॉलेज आणि शाखा निवडतं, खरे विषय ठरतात ते त्यानंतर, कॉलेजच्या खिडकीवर. तिथे मिळणारा फॉर्म एकदा नीट बघा. मी पाहिलेल्या एका फॉर्मवर सहा चौकटी होत्या आणि पाच चौकटींत बरोबरच्या खुणा छापूनच आल्या होत्या. खुणा पेनाच्या नव्हत्या, छपाईतल्याच होत्या. सहाव्या चौकटीत मराठी की आयटी एवढंच मुलानं ठरवायचं. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘विद्यार्थ्याने निवडलेले विषय’.

तालुक्याच्या गावी याची अडचण वेगळीच होते. मुलीला ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे, गणित नको आहे. नीटला गणित लागत नाही. पण चार वैकल्पिक विषय तर पूर्ण व्हायला हवेत. गणित सोडलं तर त्या जागी काय ठेवायचं? कॉलेजात सायन्सला चौथा पर्यायच नाही. म्हणून ती दोन वर्षं गणित ओढते. गणित तिनं निवडलेलं नसतं. त्या जागी दुसरं काही नव्हतं, एवढंच. आणि त्याच इमारतीत, जिन्याच्या पलीकडे, आर्ट्सच्या वर्गात मी भूगोल शिकवत असतो.

‘आर्ट्सला गेलात की गणित संपलं’

यावर जास्त शब्द खर्च करत नाही. बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक हातात घ्या आणि मुखपृष्ठ वाचा: ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’. कंसात ‘कला’ आधी आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर बारावीला गणित लागतं, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बीस्टॅट या पदवीलाही लागतं. शाखा कोणती हा तिथे मुद्दा नाही. कॉमर्सला गणित किंवा चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘मॅथ्स की एसपी’, हा पर्याय निदान माहितीचा तरी आहे. आर्ट्सच्या मुलाला तो आहे हेच कोणी सांगत नाही. वर्ग काढायला मुलं नाहीत म्हणून सांगत नाहीत, आणि सांगत नाहीत म्हणून मुलं होत नाहीत.

‘चारही घेतले की सगळे दरवाजे उघडे’

या वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते टिकून आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी डॉक्टर की इंजिनिअर हे ठरलेलं नसतं, आणि पीसीएमबी घेतलं तर निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो. ज्याला चारही विषय झेपतात, आवडतात, त्यानं जरूर घ्यावेत. माझा आक्षेप ‘सगळ्यांनी’ला आहे.

दरवाज्यांचा हिशोब करू. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. बायो नसलं तरी अडत नाही. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम आणि पीसीबी (मॅथ्सच्या जागी बायो) असे गटच वेगळे आहेत. नीटला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी, गणित नाही. बीफार्मला भौतिक-रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक पुरे. एनडीएत नौदल-हवाईदलाला भौतिक, रसायन, गणित लागतं, लष्कराला शाखेची अट नाही. सीए फाउंडेशनला कोणतीही शाखा चालते. चारही विषय एकदम मागणारा दरवाजा मला तरी या यादीत दिसत नाही.

आणि चौथ्या विषयाची किंमत असते. बारावीत एका विषयात नापास झालेलं मूल बारावी नापास असतं. नीटच्या मागे लागलेली मुलं गणिताकडे दोन वर्षं पाठ फिरवतात, क्लासवालेही सांगतात ‘काठावर पास हो, पुरे’. मग मे-जूनमध्ये एखादा मुलगा येतो, नीटचा अंदाज बरा आहे, आणि बारावीला गणितात अडकलाय. पुरवणी परीक्षा द्यायची, निकालाची वाट बघायची, आणि तोवर गुणपत्रिकेविना प्रवेशाच्या तारखा मोजायच्या. न लागणाऱ्या विषयानं लागणारा दरवाजा अडवला. असे मुलगे मी पाहिलेत. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा पाहिले नसावेत.

‘मराठी घेऊन टक्के घालवू नका, आयटी घ्या’

आधी एक कबुली. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्क्यांची (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट असते, आणि तिथे पाच विषय धरतात: भौतिक, रसायन, गणित, एक भाषा, आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा एक विषय. भाषा म्हणून इंग्रजी चालते, पाचवा विषय आयटी असू शकतो. ज्याला खरोखर तिकडे जायचंय आणि ज्याला आयटीत खात्रीनं जास्त मिळणार आहेत, त्यानं आयटी घ्यायला माझी ना नाही.

पण हा मेसेज फिरतो तो सगळ्यांसाठी. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या पात्रतेला फक्त भौतिक, रसायन, गणित या तीन विषयांचे गुण बघतात, क्रमांक लागतो सीईटीवर. मेडिकलला पीसीबीचे गुण पात्रतेपुरते, बाकी सगळं ‘नीट’च्या गुणांवर. मराठीत ७२ पडले काय आणि आयटीत ९५ पडले काय, त्या रांगेत तुम्ही एक इंचही पुढे-मागे होत नाही. मग ते जास्तीचे २३ गुण जातात कुठे? कॉलेजच्या फाटकावरच्या फ्लेक्सवर.

आयटी वाईट विषय नाही. परीक्षा संगणकावर होते, शिकवणारा बरा असेल तर मुलं रमतात. पण अनेक अनुदानित कॉलेजांतही आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित तत्त्वावर चालतं, त्याची फी वेगळी. मराठीची फी वेगळी नसते. खिडकीवरचा आग्रह ऐकताना हे ध्यानात असू द्यावं.

एक मात्र मनात राहतं. २०२० साली राज्यानं कायदा केला, दहावीपर्यंत प्रत्येक शाळेत, कोणत्याही बोर्डाच्या असो, मराठी अनिवार्य. आणि अकरावीच्या खिडकीवर, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला, मराठीच बोलणारा क्लार्क सांगतो, ‘मराठी? कशाला उगाच.’

‘एकदा विषय पडला की जन्मभर बदलत नाही’

हे घाबरवण्यासाठी लिहिलंय. अकरावीच्या सुरुवातीला विषय बदलता येतो, अर्ज कॉलेजमार्फत करायचा असतो, त्याला मुदत असते. आणि बारावीच्या आवेदनपत्रांनंतर प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते तीही डोळ्यांखालून घाला, कारण चुकीचा विषय पडलेला तिथेच सापडतो. मुदत गेली, हा प्रश्न खरा आहे. पण बारावी पास झाल्यावरही वाट बंद होत नाही. दर निकालाच्या वेळी मंडळाच्या निवेदनात एक वर्ग लिहिलेला असतो: ‘तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे’. ती हीच मुलं, राहिलेला विषय नंतर देणारी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहेच. वैद्यकीयच्या बाबतीत पूर्वी शंका होती, कारण बायो नियमित शिकलेलंच असलं पाहिजे अशी अट होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जाहीर केलं की बारावीनंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांना नीट देता येईल. एक वर्ष जातं, दगदग होते. पण ‘जन्मभर’ हा शब्द खोटा आहे.

‘तुमच्या मुलांच्या भल्यासाठीच’

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा शेवटचा मुद्दा बाहेरच्याला कळत नाही. आतल्याला कळतो.

विषय कमी ठेवण्याची खरी कारणं अशी. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे सरकार पदं मंजूर करतं त्यात, मुलांच्या संख्येवर ठरतात. सात मुलांसाठी वेगळा विषय चालवला तर पद टिकत नाही. प्रयोगशाळा एक, बॅचेस चार. वेळापत्रक लावणाऱ्या सरांना एक पर्यायी विषय वाढवला की प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेस एकमेकांवर आदळतात. मी स्वतः तीन वर्षं ते वेळापत्रक लावलंय, कागदावर रबर फिरवून फिरवून भोक पडायचं. आणि जिथे कॉलेज आणि क्लास यांचं साटंलोटं आहे, तिथे तर विषय क्लास ठरवतो. मुलं तिकडे, हजेरी इकडे, आणि क्लासच्या पॅकेजात भूगोल किंवा मराठी नसते. यातलं मुलाच्या भल्याचं कारण एखादं असेलही. बाकीची सोयीची आहेत. सोयीची कारणं वाईट नसतात. त्यांना मुलाच्या भल्याचं नाव दिलं की चीड येते.

ही सवय अकरावीला लागत नाही. माझ्या शाळेत आठवीला संस्कृत मिळायचं ते ‘अ’ तुकडीला. ‘अ’ तुकडी सातवीच्या टक्क्यांवरून पडायची. मी ‘क’मध्ये होतो. ‘संस्कृत स्कोअरिंग असतं’ हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि हेही कळलं की ज्यांना मुळातच मार्क मिळतात त्यांनाच मार्क देणारा विषय द्यायचा असतो. संपूर्ण हिंदी घेऊन मी दहावी झालो. तेव्हाही वर्गशिक्षक म्हणाले होते, ‘बाळा, बोर्डाचाच नियम आहे.’

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाखांच्या भिंती नकोत असं २०२० पासून लिहिलेलं आहे. चांगलं आहे. ते वाचून आमच्याकडे सायन्सला एकही विषय वाढलेला नाही.

गेल्या वर्षी एक बाई आणि त्यांची मुलगी खिडकीवर उभ्या होत्या. मुलीला पीसीबी हवं होतं, गणिताच्या जागी भूगोल. क्लार्क नेहमीचं वाक्य बोलला. बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘दादा, मग तेवढं एका कागदावर लिहून द्या ना. बोर्डाच्या नियमानं भूगोल मिळत नाही, असं. शिक्का मारून.’ क्लार्कनं पेन उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘बसा ताई, सरांना विचारतो.’

वीस मिनिटांनी तो बाहेर आला. भूगोल मिळेल, पण आर्ट्सच्या मुलांबरोबर, सकाळी सातचा तास, आणि प्रॅक्टिकल शनिवारी. मुलीनं आईकडे बघितलं. गाव अठरा किलोमीटरवर. पहिली एसटी सव्वासहाला.

ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. उशीर झाला तर एसटीचा होतो, तिचा नाही.